ब्रेकनंतर परत जिम्नॅस्टिक्स: नेहमी विचारले जाणारे प्रश्न, आणि "माझी लेव्हल आता नेमकी कोणती?"

मी सातव्या वर्षी जिम्नॅस्टिक्स सुरू केलं आणि दहावीच्या वर्षी, २००४ मध्ये सोडलं. घरात ठरलं होतं की फक्त बोर्डाची परीक्षा होईपर्यंत बंद, मग परत जायचं. मग अकरावी-बारावी आली, कॉलेज, नोकरी, लग्न, मुलगी, आणि हॉलमध्ये परत पाय ठेवला तो थेट २०२२ मध्ये, चौतीस वर्षांची असताना. तेव्हापासून ओळखीतले आणि ओळखीच्यांच्या ओळखीतले बरेच जण तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. मी कोच नाही, डॉक्टरही नाही, स्वतः परत आले आणि माझ्यासारख्या परत आलेल्या बऱ्याच जणांना जवळून बघितलं, तेवढ्या जोरावर लिहितेय.

वय तिशी-पस्तिशीचं आहे, आता परत सुरू केलं तर जमेल का?

जमेल. किती आणि काय, ते पुढे बोलू. लोक लगेच उझबेकिस्तानच्या जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिनाचं उदाहरण देतात, जन्म १९७५ चा, १९९२ ला बार्सिलोनात टीमचं सुवर्ण, २००८ ला बीजिंगमध्ये ३३ व्या वर्षी व्हॉल्टचं (पळत येऊन, टेबलावर हात टेकून मारायची उडी) रौप्य, आणि टोकियो धरून एकूण आठ ऑलिंपिक. मला तिच्याबद्दल प्रचंड आदर आहे पण ती मधे अठरा वर्षं घरी बसली नव्हती, त्यामुळे आपल्या कामाचं उदाहरण मला दीपा कर्माकरचं वाटतं. २०१६ ला रिओत प्रोदुनोव्हा ही व्हॉल्टवरची अतिशय धोक्याची उडी मारून चौथी आली, २०१७ मध्ये गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालं, २०१८ मध्ये तुर्कस्तानात मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये व्हॉल्टचं सुवर्ण, आणि २०२४ मध्ये तीस वर्षांची असताना ताश्कंदला आशियाई अजिंक्यपदात परत व्हॉल्टचं सुवर्ण. मधल्या महिन्यांमध्ये तिनेसुद्धा साध्या उड्या आणि पाय टेकवणं परत खालून बांधलं असणार, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दुसरा रस्ताच नसतो.

मी पूर्वी राउंड-ऑफ (कार्टव्हीलसारखं जाऊन दोन्ही पाय एकत्र टेकणं), बॅक हँडस्प्रिंग (मागे झेप घेऊन हातांवरून पलटणं), बॅक टक (हवेतली मागची कोलांटी) करायचो. मग माझी लेव्हल काय सांगू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि सगळ्यात जास्त दुखापती याच्याच चुकीच्या उत्तरामुळे होतात असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही आत्ता सांगितलीत ती तुमची लेव्हल नाही, तो तुमचा इतिहास आहे. लेव्हल म्हणजे आज, झोप बरी झालीय, वॉर्मअप झालाय, कोणी हात देत नाहीये, आणि एखादी गोष्ट तुम्ही पाच वेळा केलीत तर चार वेळा नीट होते, ती. एकदा झाली म्हणजे आली असं नाही, ते आपल्याला लहानपणी सर ओरडून ओरडून सांगायचे आणि आपण मोठेपणी तेच विसरतो.

मी वहीत तीन रकाने केले होते आणि अजूनही करते. पहिला "एकटीने येतं". दुसरा "कोणी शेजारी उभं असेल तर येतं", म्हणजे सर नुसता पाठीला हात लावून असतात किंवा खाली जाड मॅट असते तेव्हा. तिसरा "पूर्वी यायचं". सुरुवातीला माझ्या पहिल्या रकान्यात पुढची कोलांटी, मागची कोलांटी, उजवीकडचं कार्टव्हील (हातांवरून बाजूला चाकासारखं फिरणं) आणि भिंतीला हँडस्टँड एवढंच होतं, बाकी आख्खं बालपण तिसऱ्या रकान्यात. वाईट वाटलं, खरंच वाटलं, घरी येऊन नवऱ्याशी धड बोललेसुद्धा नाही. पण सराव पहिल्या रकान्याचा करायचा, शिकायचं दुसऱ्यातलं, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही जोपर्यंत त्यातली एकेक गोष्ट रीतसर दुसऱ्यात येत नाही. हा नियम पाळला तेव्हा गाडी सरकायला लागली.

बरं, पण हे तपासायचं कसं? पहिल्या दिवशी काय काय करून बघू?

पहिल्याच दिवशी सगळं नको, दोन-तीन दिवसांत विभागून करा आणि स्किलच्या आधी शरीर तपासा. मी ज्या क्रमाने करते तो सांगते, आकडे माझे आहेत, कुठल्या पुस्तकातला नियम नाही.

आधी मनगटं. गुडघ्यांवर आणि हातांवर ओणवं व्हा, बोटं समोर, आणि खांदे हळूहळू बोटांच्या पुढे न्या. हँडस्टँडमध्ये मनगट जवळपास काटकोनात वाकतं आणि सगळं वजन त्यावर येतं, दिवसभर कीबोर्डवर असणाऱ्यांची मनगटं या कोनात वर्षानुवर्षं गेलेलीच नसतात. इथेच टोचत असेल तर बाकी सगळं थांबवून दोन-तीन आठवडे मनगटांवरच काम.

मग खांदे. भिंतीला पाठ टेकून उभं राहा, कोपर सरळ ठेवून हात वर न्या आणि अंगठे भिंतीला लावा. कंबर भिंतीपासून सुटली किंवा बरगड्या पुढे आल्या तर खांदे बंद आहेत, आणि अशा खांद्यांनी कमान टाकली की सगळा बाक कंबरेत जातो. पूर्वीचा लवचिकपणा शाबूत आहे असं वाटणाऱ्यांचा बऱ्याचदा हाच घोटाळा असतो, कमान पडते पण ती चुकीच्या जागेवरून पडते.

पोटासाठी हॉलो होल्ड, पाठीवर झोपून कंबर जमिनीला चिकटवून हात-पाय थोडे वर, तीस सेकंद. कंबर उचलली की तिथेच घड्याळ बंद करा. बारला नुसतं लटकणं तीस-चाळीस सेकंद. भिंतीकडे पोट करून हँडस्टँड तीस सेकंद. एका पायावर टाच उचलणं, दोन्ही बाजूंना वीस-वीस वेळा. आणि साधारण गुडघ्याएवढ्या उंच खोक्यावरून खाली उडी मारून जागेवर थांबणं, हे कोणाला तरी मोबाईलवर समोरून शूट करायला सांगा, कारण गुडघे आत पडतात का ते आपल्याला स्वतःला कळत नाही.

हे सगळं बऱ्यापैकी झालं की मग कोलांट्या, दोन्ही बाजूंचं कार्टव्हील, हँडस्टँडमधून पुढची कोलांटी, कमान. कार्टव्हील जिथे सरळ रेषेत पडत नाही तिथे राउंड-ऑफ करायचा नाही, आणि राउंड-ऑफमधून दोन्ही पाय एकत्र खाली येऊन अंग वर उडत नाही तिथे त्याच्या पुढचं काही करायचं नाही. ही साखळी लहानपणी जशी होती तशीच आहे, आपण मोठे झालो म्हणून मधली कडी गाळता येत नाही.

शरीर विसरतं का? की आठवतं?

दोन्ही. सायकल चालवणं जसं विसरत नाही तसं हालचालीचा क्रम डोक्यात बराच टिकतो, आणि स्नायूंचंही असं आहे की एकदा कमावलेली ताकद दुसऱ्यांदा कमवायला पहिल्याइतका वेळ लागत नाही. त्यामुळे परत आलेल्यांना पहिल्या दीड-दोन महिन्यांत फार भारी वाटतं, रोज काहीतरी नवं परत येतं.

आणि नेमका तोच काळ धोक्याचा. कारण स्नायू भराभर तयार होतात, पण कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, ती फार हळू तयार होते, तिला महिने लागतात. मन म्हणतं येतंय, मांडी-पोटरी म्हणते येतंय, आणि टाचेवरची अकिलिस अजून तिथे पोचलेलीच नसते. परत येणाऱ्या प्रौढांमध्ये अकिलिस तुटणं ही खरी, वर्षभर घरी बसवणारी दुखापत आहे आणि ती बहुतेकदा जोरात पाय आपटून वर उसळताना होते. म्हणून ते कंटाळवाणं टाचा उचलणं. (जाता जाता, नुकतंच सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या मारू नका, त्या गटातल्या औषधांनी कंडरा तुटायचा धोका वाढतो आणि हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही.)

अजून एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमचं शरीर तेच नाहीये. मी सोडलं तेव्हा माझी उंची आणि वजन दोन्ही आजच्यापेक्षा बरंच कमी होतं. डोक्यात जो टायमिंगचा नकाशा आहे तो त्या लहान मुलीचा आहे. बारवर किप करताना, म्हणजे लटकून झोका घेत बारच्या वर येताना, मला कित्येक आठवडे पाय बारला लावायला उशीर व्हायचा कारण पाय लांब झालेत आणि जड झालेत, आणि मेंदू जुनाच हिशोब करत होता.

तुमचा पहिला दिवस कसा गेला?

वाईट. सांगते, कारण कोणाला तरी उपयोग होईल. एका हॉलमध्ये ट्रायल क्लासला गेले, नाव घेत नाही. तिथे विचारलं "पूर्वी काय यायचं?" आणि मी मोठ्या आनंदाने सगळी यादी सांगितली. त्यांनी तपासलं नाही आणि मीही थांबवलं नाही. अर्ध्या तासात मी राउंड-ऑफ बॅक हँडस्प्रिंगला उभी होते. राउंड-ऑफ झाला, मागे झेप घेतली आणि हवेत असताना डोक्यात एकदम कोरं झालं, हात अर्धवट वाकले, मी मानेजवळ खांद्यावर पडले. खाली जाड मॅट होती म्हणून मनगट आणि खांद्यावर निभावलं, पण सहा आठवडे मनगटाला पट्टा होता आणि भाजी चिरायला सासूबाईंना सांगावं लागत होतं. त्या सहा आठवड्यांत मी ती तीन रकान्यांची वही सुरू केली.

साध्या कोलांटीनंतर गरगरतं, मळमळतं. काही गंभीर आहे का?

बहुतेक वेळा नाही. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तिला वर्षानुवर्षं कोणी उलटं केलेलं नसतं. एका दिवशी वीस कोलांट्या मारण्यापेक्षा आठवड्यातले चार दिवस तीन-तीन मारा, मधे थांबून एका ठिकाणी नजर लावा, दोन-तीन आठवड्यांत बराच फरक पडतो. भरपेट जेवून जाऊ नका. पण पलंगावर कूस बदलली तरी खोली फिरत असेल, किंवा ब्लडप्रेशरचा त्रास, काचबिंदू असं काही असेल, तर उलटं होण्याआधी डॉक्टर. काचबिंदूत उलटं लटकल्याने डोळ्यातला दाब वाढतो, तिथे हँडस्टँडचा हट्ट अजिबात नको.

वजन वाढलंय. आधी कमी करू आणि मग क्लास लावू?

नको. असं म्हणून थांबलेले मी बघितलेत, दोन-दोन वर्षं थांबलेत. या, आणि आहे त्या वजनाने जे झेपेल ते करा. उडीवरून खाली येताना पायांवर वजनाच्या कित्येक पट जोर येतो हे खरं आहे, त्यामुळे जास्त वजनात उड्या कमी, मऊ मॅट जास्त, आणि लटकणं, हॉलो, हँडस्टँड, लवचिकपणा हे भरपूर. जिम्नॅस्टिक्समध्ये लहानपणी आपल्यातल्या बऱ्याच मुलींना वजनावरून जे ऐकायला लागलं ते चुकीचं होतं, मोठेपणी स्वतःच स्वतःला परत ऐकवायची गरज नाही.

मागे जायची भीती वाटते. पूर्वी कधी वाटली नव्हती.

पूर्वी तुम्हाला ईएमआय नव्हता आणि घरी वाट बघणारं पोर नव्हतं. ही भीती खोटी नाही, तिचं ऐकायचं, फक्त तिला एकटीला निर्णय घेऊ द्यायचा नाही.

हवेत असताना आपण कुठे आहोत हे कळणं बंद होतं ते तर जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूलाही झालं. टोकियोत २०२१ मध्ये सिमोन बाइल्सला टीम फायनलच्या व्हॉल्टवर अडीच फिरक्या घ्यायच्या होत्या, दीडच झाल्या, आणि ती टीम फायनलमधून बाहेर पडली. तिथे शेवटी फक्त बीमच्या (तोल सांभाळत करायच्या अरुंद पट्टीच्या) फायनलला उतरून ब्राँझ घेतलं, त्यानंतर परत स्पर्धेत उतरली ती ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य. मधली दोन वर्षं ही माझ्या मते त्या मेडल्सइतकीच मोठी गोष्ट आहे. तिला जर दोन वर्षं द्यावी लागली तर आपण शनिवार-रविवारवाल्यांनी स्वतःला दोन महिने द्यायला काय हरकत आहे.

प्रत्यक्षात असं करा. मागे जाणाऱ्या गोष्टीत सगळ्यात धोकादायक म्हणजे मधेच मन बदलणं, माझं तेच झालं. म्हणून असा टप्पा निवडा जिथे मन बदललं तरी काही होणार नाही. बॅक हँडस्प्रिंगसाठी म्हणजे आधी कंबरेएवढ्या मॅटच्या थप्पीवर मागे उडी मारून पाठीवर पडणं, मग मोठ्या गोल रोलरवरून मागे जाणं, मग हँडस्टँडमधून पाय झटक्यात खाली आणणं, मग दोन्ही बाजूंना माणसं, मग उसळत्या ट्रॅकवर, आणि शेवटी फ्लोअर. प्रत्येक टप्प्यावर कंटाळा येईपर्यंत. कंटाळा आला की समजा भीती गेली. आणि निघायच्या आधी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तोंडाने "करतेय" असं सांगा, तोही तयार राहतो आणि आपलाही निर्णय पक्का होतो.

कुठलं दुखणं चालतं आणि कुठलं नाही?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं, पोट हसतानाही दुखणं, दोन्ही बाजूंना सारखं दुखणं, हे चालतं. एका बाजूला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी, सांध्यात, टोचल्यासारखं, सूज, रात्री जाग आणणारं दुखणं, हे चालत नाही. मागे वाकताना कंबरेत एका ठिकाणी कळ येऊन ती दोन-तीन आठवडे जात नसेल तर खेळाडू बघणाऱ्या फिजिओकडे किंवा ऑर्थोपेडिककडे जा आणि लहानपणी जिम्नॅस्टिक्स केलंय हे आवर्जून सांगा, कारण सतत मागे वाकणाऱ्या मुलांच्या मणक्याला त्या वयात बारीक फ्रॅक्चर होऊन जातात आणि कोणाला कळतही नाही.

बाळंतपणानंतर परत येतेय. उडी मारली की लघवी गळते. कोणाला विचारायचं कळत नाही.

मला. आणि मग फिजिओला. बऱ्याच जणींना होतं, मलाही होत होतं, आणि आपल्यात "आता हे असंच राहायचं" म्हणून गप्प बसतात तसं नका बसू. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कमजोर झालेले असतात आणि त्यांचे व्यायाम असतात, ते शिकवणारे फिजिओ मोठ्या शहरांत मिळतात. तोपर्यंत ट्रॅम्पोलिन आणि उड्या बाजूला, लटकणं आणि हँडस्टँड चालू. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत का तेही तपासून घ्या, हॉलो करताना पोटाच्या मधे उंचवटा दिसत असेल तर हॉलो करणं अजून घाईचं आहे. चुसोवितिनाला १९९९ मध्ये मुलगा झाला आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकला ती होती हे खरं, पण ते मोजमाप स्वतःला लावू नका, तिचं ते पूर्णवेळ काम होतं.

मी जिम्नॅस्टिक्स नाही, मल्लखांब करत होतो. जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला माझी लेव्हल काय धरतील?

हा प्रश्न आपल्याकडेच येणार आणि मला तो फार आवडतो. पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला परत उभं केलं असं आपण शाळेपासून ऐकतो, आज दादरच्या शिवाजी पार्कला संध्याकाळी गेलात तर समर्थ व्यायाम मंदिरात लहानांपासून मोठ्यांपर्यंत लोक मल्लखांबावर दिसतील. तिथले उदय देशपांडे सर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि २०१९ ला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धाही शिवाजी पार्कलाच झाली.

मल्लखांबवाल्यांची पकड, मांड्यांची ताकद, उलटं असताना डोकं शांत ठेवणं, हे इतकं चांगलं असतं की क्लासमधले सर खूश होतात आणि पुढच्या ग्रुपला टाकतात. तिथे सावध राहा. दोरीवर अढी (पायांची पकड) घालून तुम्ही आरामात फिरता पण तिथे वजन पायाच्या बोटांच्या पकडीत आणि मांड्यांत आहे. हातावर सगळं वजन घेऊन जमिनीला ढकलणं, पळत येऊन बोर्डवर उसळणं आणि उंचावरून पायांवर थांबणं, हे तुमच्याकडे कमी असेल. म्हणजे तुमच्या वहीत बार पुढे आणि फ्लोअर-व्हॉल्ट मागे अशी वेगवेगळी लेव्हल निघेल. एकाच माणसाची प्रत्येक साधनावर वेगळी लेव्हल असणं हे एकदम नॉर्मल आहे. आणि हो, अंगाला एरंडेल तेल लावून या हॉलमध्ये येऊ नका, इथे पकडीसाठी हाताला चॉक लागतो.

मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलं. आता काय काय बदललंय?

व्हॉल्टचा घोडा गेला. आमच्या लहानपणी मुलींना आडवा आणि मुलांना उभा घोडा असायचा, २००१ पासून मोठ्या स्पर्धांमध्ये त्याच्या जागी रुंद, पुढे उतरत गेलेलं टेबल आलं. मुलींना १.२५ मीटर, मुलांना १.३५ मीटर उंच. खूप चांगला बदल, हात ठेवायला जागा मिळते. दुसरं म्हणजे दहापैकी गुण गेले, २००६ पासून अवघडपणाचे वेगळे आणि सफाईचे दहातून वेगळे असे मोजून बेरीज होते, त्यामुळे टीव्हीवर चौदा-पंधरा गुण ऐकून दचकू नका. बीम मात्र तेवढाच आहे, दहा सेंटीमीटर रुंद, पाच मीटर लांब, सव्वा मीटर उंच. तो परत सुरू करताना जमिनीवर आखलेली रेघ, मग जमिनीलगतचा बीम, मग उंच. उंच बीमवर पहिल्या दिवशी नुसतं चालून खाली उतरणं, बास.

लेव्हल १ ते १० म्हणतात ते काय असतं? भारतात मी कितव्या लेव्हलला?

ती अमेरिकेतली पद्धत. तिथे मुलींसाठी एक ते दहा लेव्हल असतात, आणि त्याला समांतर एक्सेल म्हणून वेगळा कार्यक्रम, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असा वर जाणारा. इंटरनेटवर व्हिडिओ बघून लोक "मी लेव्हल सहा" म्हणतात, पण त्यात खालच्या लेव्हलना ठरावीक रूटीन्स, वरच्यांना ठरावीक अटी, आणि ठरावीक वजावट असते, एखादी स्किल आली म्हणून ती लेव्हल होत नाही. आपल्याकडे शाळेत चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील असे वयोगट आणि पुढे ज्युनियर-सीनियर, म्हणजे वयावरून गट. प्रौढ माणसासाठी तयार चौकटच नाही, म्हणून तर वही. अमेरिकेत असाल तर कॉलेज क्लबांची एनएआयजीसी नावाची संघटना आहे, तिच्या स्पर्धांमध्ये कॉलेज संपलेले प्रौढसुद्धा उतरतात, बे एरियात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने तिथूनच परत सुरुवात केली.

क्लास कुठे शोधू? सरांना काय सांगू?

मोठी साधनं असलेले हॉल थोडे आहेत, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, मुंबईत विलेपार्ल्याच्या प्रबोधनकार ठाकरे क्रीडासंकुलात जिम्नॅस्टिक्स चालतं, बाकी शहरांत जिल्हा संघटनेला किंवा शाळेच्या पीटीच्या सरांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. मोठ्यांची वेगळी बॅच क्वचित असते. पण लहानांच्या बॅचच्या आधी किंवा नंतरचा तास मागता येतो, तुमच्यासारखे चार जण जमवून गेलात तर नाही म्हणणं अवघड जातं. आमची बॅच अशीच झाली, रविवारी सकाळी साडेसात ते नऊ.

सरांना भेटाल तेव्हा काय यायचं हे शेवटी सांगा. आधी सांगा किती वर्षं बंद होतं, कुठे लागलंय, आठवड्याला किती दिवस येऊ शकता, आणि "मला खालून तपासा" हे स्पष्ट शब्दांत. जिथे पहिल्या दिवशी न तपासता पुढचं करायला लावतात तिथून निघून या, पैसे भरले असले तरी. आणि तुमचं वजन उचलून धरता येईल असा माणूस आहे का तेही बघा, नऊ वर्षांच्या मुलीला हात देणं वेगळं आणि सत्तर किलोच्या माणसाला वेगळं, याचा राग मानू नका, उलट जे सर हे मोकळेपणाने बोलतात त्यांच्याकडेच जा.

लहान मुलांमध्ये लाज वाटते.

पहिले दोन आठवडे वाटते. मग ती पोरं तुम्हाला मावशी-काका म्हणायला लागतात आणि तुमच्या हँडस्टँडचे सेकंद मोठ्याने मोजतात.

हाताची कातडी सोलते.

बार म्हटलं की सोलणार. घट्टे वाढू देऊ नका, अंघोळीनंतर हलक्या हाताने घासून सपाट ठेवा. सोललंच तर साबण-पाण्याने धुवा, लोंबणारी कातडी स्वच्छ कात्रीने कापा, ओढू नका, आणि त्या दिवशी बार बंद. रात्री थोडं व्हॅसलिन. दुसऱ्या दिवशी मीठ-मसाल्याची कणीक मळायला घेऊ नका एवढंच अनुभवाने सांगते.

घरी काय करू आणि काय नको?

मनगटं, खांदे, हॉलो, टाचा उचलणं, भिंतीचा हँडस्टँड, स्प्लिट, हे घरी रोज पंधरा-वीस मिनिटं. मागे उडी, राउंड-ऑफनंतरचं काहीही, आणि गच्चीत किंवा सोसायटीच्या बागेत "एकदा बघू येतंय का" असलं काहीही, नाही. गच्चीची फरशी मॅट नाही.

आठवड्याला किती दिवस?

सुरुवातीला दोन, मधे किमान एक दिवस सोडून. तिसरा दिवस दोन-तीन महिन्यांनी.

जुन्या लेव्हलला पोचायला किती वेळ लागेल?

काही गोष्टी लवकर येतील. मला फ्रंट वॉकओव्हर (हातांवरून एकेक पाय टाकत पुढे पलटणं) चार महिन्यांत आला, बारवरचा किप आठ महिन्यांनी, बॅक हँडस्प्रिंग फ्लोअरवर एकटीने दीड वर्षाने. बॅक टक अजून दुसऱ्या रकान्यात आहे आणि कदाचित तिथेच राहील, त्याने मला आता फरक पडत नाही. आणि एक गोष्ट तर अशी आहे जी मला लहानपणी कधीच नीट यायची नाही, हॉलच्या मधोमध, भिंतीशिवाय, हँडस्टँडमध्ये थांबणं. तेव्हा घाई असायची, पाच सेकंदांत खाली. आता वीस सेकंद थांबते.

वही दर सहा आठवड्यांनी परत भरा, मधे नको. दर आठवड्याला तपासलं की सराव कमी आणि परीक्षाच जास्त होते. आजारपण, प्रवास, गणपती-दिवाळीची सुट्टी, असे दोन-तीन आठवडे गेले असतील तर आधी पहिला रकाना एकदा पूर्ण करून बघा आणि मगच दुसऱ्याकडे जा. माझं पुढचं तपासणं रविवारी आहे, मुलगी व्हिडिओ काढणार आहे.